रुळांवरच्या चपात्या



पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाची कहाणी दुसरा कोणी सांगतो, तेव्हा तिच्यावर पहिला हक्क कोणाचा, हा पत्रकारितेइतकाच साहित्याच्याही नीतीचा प्रश्न आहे, आणि रेल्वेच्या काठावर वाढलेल्या नांदगावाला तो परका नाही.

8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर ज्या रिकाम्या मालगाडीखाली सापडले, ती याच तालुक्यातील पानेवाडीकडे येत होती. टाळेबंदीत काम थांबल्याने मध्य प्रदेशातील हे मजूर, भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल या आशेने, जालन्याहून चालत निघाले होते. देशभर पोहोचले ते खडीवर विखुरलेल्या चपात्यांचे छायाचित्र. ते छापायला नको होते असे म्हणता येणार नाही, कारण त्याने अनेकांच्या घशात घास अडकवला. चूक झाली ती तेथेच थांबण्याची. परराज्यात नेलेल्या मजुराची नोंद, विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च ही ठेकेदाराची जबाबदारी ठरवणारा 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तेव्हा लागू होता, पण तो चपात्यांइतका लोकांपर्यंत गेला नाही. माणूस केवळ दयेचा विषय झाला की त्याचे काही येणे बाकी आहे, हेच बातमीतून निसटते.

साहित्यात हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तेथे पात्राच्या मनातले बोलही लेखकच घालतो. वाटेगावहून पायी मुंबई गाठलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी गावी राहिलेल्या मैनेची ताटातूट छक्कड या लोककाव्यप्रकारात मांडली, तेव्हा सोसणारा आणि सांगणारा एकच होता. बाहेरच्याने लिहूच नये, असे यातून निघत नाही. मात्र त्याने निदान त्या माणसांचे शब्द तरी शिकावेत. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’. दोन जिवांची मोजदाद जेथे एका हत्याराच्या नावाने होते, तेथे बाईच्या वाट्याची मजुरी कोणाच्या हातात पडते, हे न विचारता तिच्या भेगाळलेल्या हातांवर कविता करणे अपुरेच नव्हे, तर अन्यायाचे आहे. तिच्यावर लिहायचे तर आधी तिची संमती हवी, आणि संमती म्हणजे आपले शब्द कोठे आणि कोणापुढे जाणार हे कळल्यावर दिलेला होकार; मुकादमाच्या देखत मिळालेला होकार संमती ठरत नाही, कारण उचल फिटेपर्यंत तिला नकार देणे परवडत नाही.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी जे विद्यार्थी अशा कुटुंबांवर लिहितील, त्यांनी छपाईपूर्वी तो मजकूर त्याच घरात बसून वाचून दाखवावा, आणि घरातली बाई एखादे वाक्य काढा म्हणाली, तर ते कितीही सुरेख असले तरी काढावे.