चिमट्यासाठी चिमटा



पिर्के आवोतच्या पाचव्या अध्यायात, सृष्टीच्या पहिल्या शब्बाथाच्या उंबरठ्यावर संधिप्रकाशात निर्माण झालेल्या वस्तूंची यादी आहे. तीत मान्ना आहे, मोशेची काठी आहे. आणि काहींच्या मते लोहाराचा चिमटाही आहे. तापलेले लोखंड धरल्यावाचून चिमटा घडत नाही, आणि धरायला तर चिमटाच हवा. मग पहिला कोणी केला? तालमूदमध्ये यावर उत्तरही मिळते, की साच्यात ओतून तो माणसालाही करता येईल. यंत्रशाळेत आयुष्य काढलेल्या मला हे उत्तर पटते. प्रश्न मात्र अधिक आवडतो.

येथे स्टेट कॉलेजात विद्यापीठाची लर्निंग फॅक्टरी आहे. यंत्रावर प्रथमच उभा राहणारा तरुण सहसा कापणाऱ्या हत्याराविषयी विचारतो. वस्तू धरायची कशी, हे त्याच्या मनातही येत नाही. बोटाच्या पेराएवढ्या भागाच्या कामात मात्र निम्मी बुद्धी धरण्यातच खर्च होते. आपल्याकडचा सोनार खडा बसविण्यापूर्वी दागिना लाखेत रोवतो, तो याच कारणासाठी. निवासमंडपाचे पडदे जोडण्यासाठी बसालेलाने सोन्याचे ५० आणि पितळेचे ५० आकडे केले असे निर्गमात सांगितले आहे. शंभर आकडे! ते त्याने कशात धरले असतील, याविषयी शास्त्र मौन पाळते.

आमच्या व्हाइसचे मूळ जबडे कठीण पोलादाचे आणि सपाट असतात. वाकडातिकडा लहान भाग त्यांत दोन-तीन बिंदूंवरच टेकतो. सैल धरला तर उडतो, घट्ट धरला तर चेपतो. म्हणून ते जबडे काढून त्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवितात आणि त्या भागाच्या आकाराची खाच त्यांतच कोरतात. यांना मऊ जबडे म्हणतात. खाच त्याच यंत्रावर, त्याच व्हाइसमध्ये, ठोकळे आवळलेल्या स्थितीतच कोरायची असते. आवळताना व्हाइसचा प्रत्येक अवयव किंचित वाकतो, सरकता जबडा किंचित उचलला जातो. ही तूट आवळलेल्या स्थितीत कोरलेल्या खाचेत आपोआप सामावते. बाहेर कोरून आणलेला जबडा कितीही सुबक असो, त्याला ही वाक ठाऊक नसते.

गेल्या वर्षी एका कुटुंबाने कोकणातून आलेला चांदीचा एक रिमोन माझ्याकडे आणला. त्याची नळी आतून झिजल्यामुळे तो तोराच्या दांड्यावर डुलत होता. सिम्हाथ तोराच्या मिरवणुकीत तो खाली पडेल, ही आजीबाईंची धास्ती. नळी आतून थोडी कोरून तीत चांदीचे अस्तर बसवायचे होते. नळीची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. असली पातळ नळी घट्ट आवळली की लंबगोल होते. आत कोरलेले भोक यंत्रावर अचूक गोल दिसते आणि व्हाइस सैल करताच नळी मूळ रूपावर येऊन भोकच लंबगोल होते. मापक यंत्रावर खरे बोलतो, टेबलावर खोटा पडतो.

त्या नळीसाठी मी स्वतंत्र जबडे केले. दोन ठोकळ्यांमध्ये, दोन्ही टोकांना, एकेक मिलिमीटर जाडीची पट्टी ठेवली, ठराविक जोराने आवळले आणि नेमके फटीच्या मध्यावर नळीच्या बाहेरच्या मापाचे भोक पाडले. पट्ट्या काढल्यावर ती फटच आवळण्यासाठी उपयोगी पडते. आता नळी दोन बिंदूंवर नव्हे, जवळजवळ संपूर्ण परिघावर धरली गेली. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, मध्ये पातळ कागद घातला; घोटून तयार केलेली जुनी चांदी या ॲल्युमिनियमहूनही मऊ असू शकते. मग आवळण्याचा जोर निम्म्याहून कमी ठेवून अगदी हलके हलके फेरे घेतले.

जबडे करायला दीड दिवस लागला. नळी कोरायला वीस मिनिटे. पैशाचा हिशेब करणाऱ्याला हे वेडेपण वाटेल, आणि बाजारातल्या वस्तूसाठी ते वेडेपणच ठरले असते. पण हा रिमोन पुन्हा कोठे विकत मिळणार नव्हता.

तोराचा अलंकार म्हणून त्याच्या कोरणीत निघालेला चांदीचा कीस मी केरात जाऊ दिला नाही. यंत्राखाली कागद पसरून तो गोळा केला आणि पाकिटात घालून त्या कुटुंबाकडे दिला. आजीबाईंनी रिमोन हाती घेतला, दांड्यावर बसविला आणि दोन-तीनदा हलवून पाहिला. घुंगरू वाजले, नळी डुलली नाही.

ते जबडे मोडीत टाकलेले नाहीत. त्यांवर नळीचे माप आणि आवळण्याचा जोर ठोकून फडताळात ठेवले आहेत. त्या जोडीतला दुसरा रिमोनही आता थोडा डुलू लागला आहे.