शेवटच्या बाकावरचे मूल
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चांगली शाळा म्हटली की पक्की इमारत, संगणक आणि निकालाची टक्केवारी नजरेपुढे येते. साधने हवीतच, परंतु अध्यापनाचा खरा कस शेवटच्या बाकावरील मुलाच्या बाबतीत लागतो. ज्याच्या घरी पुस्तक नाही की शिकवणी नाही, त्याला शाळेवाचून दुसरा आधार नाही.

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत म्हणून या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावर नेली. अंगणवाडी उभी राहिली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. बिया, पाने, खडे हीच शैक्षणिक साधने झाली. मूल जेथे आहे तेथून आरंभ करणे, हे उत्तम अध्यापनाचे पहिले सूत्र होय.

दुसरे सूत्र थांबण्याचे. अमेरिकन संशोधिका मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला की उत्तरे अधिक विचारपूर्वक येतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात.

या दोन सेकंदांना पैसा लागत नाही. पण खचाखच भरलेल्या वर्गात ते सापडतही नाहीत. येथे अर्थकारण येते. शेतकऱ्यांच्या घामातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले आणि प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण व पुरेसे वेतन मागितले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के वाटा शिक्षणास द्यावा असे सुचविले. महाराष्ट्राने मात्र २००० साली 'शिक्षणसेवक' योजना आणून नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर ढकलली.

तथापि केवळ वेतनाने अध्यापन सुधारत नाही. वेतनासाठी लढणाऱ्या चळवळीने वर्गातील उत्तरदायित्वही तितक्याच निष्ठेने स्वीकारले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिले आहे. कार्यकर्त्यांनी तेथे जावे, रिक्त पदांचा हिशेब मागावा आणि एक साधा प्रश्न विचारावा : शेवटच्या बाकावरचे मूल आज वर्गात बोलले काय?