वई आणि हद्द

अलिबागेच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांतून हिंडतांना दोन वाड्यांच्या मध्यें मोगली एरंडाची वई दिसते. हीच हद्द, असें आपण सहज समजतों. मुलांना भूमिति शिकविणारा मीहि जन्मभर तसेंच समजत होतों!

पांचसहा वर्षांपूर्वीं शेजारचे दादा म्हणाले, "गुरुजी, वई आमच्या अंगावर आली आहे." मला राग आला. वई माझ्या वडिलांनीं घातलेली. सात-बारा आमच्या नांवाचा. पण सात-बारा काय सांगतो? जमीन कोणाच्या नांवें, क्षेत्र किती, आकार किती. तिची कड कोठून जाते, हें मोजणीच्या टिपणांत व नकाशांतच सांपडतें.

ही पद्धति गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत घातली. पुढें ती कोंकणांतहि आली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात् एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. मोजणीदार शेतांतून एक सरळ रेषा टाकी व तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्याचें काटकोनांतील अंतर टिपून ठेवी.

आम्हीं मोजणीचा अर्ज केला. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या. भूकरमापक आले, साखळीऐवजीं तिपाईवरचें इलेक्ट्रॉनिक यंत्र होतें, पण काम तेंच. त्यांनीं आधीं जुने हद्दीचे दगड शोधले, त्यांवरून टिपणांतील अंतरें जमिनीवर उतरविलीं, आणि प्रत्यक्ष वहिवाटीची रेषा निराळी दाखविली. एका टोकास दोन्ही रेषा जुळल्या. दुसऱ्या टोकास आमची वई तीन हात पलीकडे गेलेली! कुजलेल्या खुंटाशेजारीं नवा खुंट ठोकतांना आपली पोफळ वांचावी म्हणून तो नेहमीं पलीकडच्या अंगास गेला होता.

मोजणी मान्य नसल्यास वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागतां येते. मीं ती मागितली नाहीं. वडिलांनीं लावलेल्या दोन पोफळी पलीकडे गेल्या. दादा म्हणाले, "झाडें राहूं द्या, गुरुजी. सुपारी तुम्हीच न्या." ती मी आणतों, अर्धी त्यांच्या ओटीवर ठेवून.

श्रोतेहो, भूकरमापक मालकीचा निवाडा करीत नाहीं. तें काम दिवाणी न्यायालयाचें. तो कागदावरची रेषा भूमीवर परत आणतो. हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी मात्र १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानें धारकावरच टाकली आहे. म्हणून वई नवी करावयाच्या दिवशीं आधीं दगड पाहावा, आणि शेजाऱ्याला हांक मारावी.