कपॅसिटरची पट्टी आणि कॉइलचे रंग

मी वाडीहून बोलतेय, अमरावती रोडवरची आपली वाडी. आमचा गट पापड-लोणच्यासोबत दोन वर्षांपासून छोट्या सौर दिव्यांचे किट जोडून देतो. मी स्वतः बीए झालेली, शाळेत विज्ञानाचा तास मला नकोसा वाटायचा. तरी हे जमलं.

पहिल्याच महिन्यात आमच्या एका ताईच्या हातातला कपॅसिटर फटकन फुटला. डोळ्यांना चष्मा होता म्हणून निभावलं. पण दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाईंनी तिला पाठवलंच नाही. चूक एवढीच, की कपॅसिटर उलटा बसला होता. गोल डबीसारख्या कपॅसिटरच्या अंगावर उणे खुणेची एक पट्टी असते. त्या बाजूचा पाय उण्याचा. नवीन असेल तर लांब पाय अधिकचा, पण पाय एकदा कापले की पट्टीवरच भरवसा ठेवायचा. आता आम्ही वीज जोडण्याआधी एकमेकींचा बोर्ड तपासतो. ती ताईही परत आली, तपासायचं काम तिच्याकडेच आहे.

चपट्या, बिंदीएवढ्या सिरॅमिक कपॅसिटरला अधिक-उणे नसतं, पण आकडे फसवतात. 104 म्हटलं की आपल्याला आरोग्याची हेल्पलाइन आठवते! इथे 10 आणि पुढे चार शून्ये वाचायची. ते झाले पिकोफॅराड, म्हणजे 0.1 मायक्रोफॅराड. 103 म्हणजे 0.01. दिसायला सारखे, फरक दहापट. म्हणून वेगवेगळ्या डब्या ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ इंडक्टरने घातला. आपण त्याला कॉइल म्हणतो. काही कॉइल अगदी रेझिस्टरसारख्या दिसतात, त्यांच्यावरही रंगीत पट्टे. तपकिरी, काळा, लाल हे पट्टे रेझिस्टरवर असले तर 1000 ओहम, कॉइलवर असले तर 1000 मायक्रोहेन्री. आमचे 12 दिवे यामुळे परत आले. मजुरी नगावर, दुरुस्तीचे पैसे कोण देतो? रंगापेक्षा मीटर बरा: ओहमवर लावला तर रेझिस्टर 1000च्या आसपास दाखवतो, कॉइल अगदी थोडे ओहम. हाताने गुंडाळलेल्या कॉइलच्या तारेवर लाखेसारखा थर असतो. टोकं ब्लेडने खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही.

आता घरचा एलईडी बल्ब उघडणाऱ्यांसाठी. 230 व्होल्टवर चालणाऱ्या बल्बमधल्या कपॅसिटरमध्ये बल्ब काढल्यावरही सुमारे 325 व्होल्ट शिल्लक राहू शकतात. पेचकसाने ठिणगी काढायची सवय सोडा. 10 हजार ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला प्लास्टिक चढवलेल्या तारा जोडा, त्या काही सेकंद कपॅसिटरच्या पायांना लावा, मग मीटरने डीसी व्होल्ट बघा. शिकेपर्यंत असे बल्ब जाणत्या बाईसोबतच उघडा.

आणि आपला नागपूरचा मे महिना! कपॅसिटरवर 85 किंवा 105 डिग्री लिहिलेलं असतं. पत्र्याच्या घरात, बंद दिव्यात उष्णता साचते, म्हणून आम्ही 105चाच मागतो.

मुंबईच्या आयआयटीच्या सौर दिव्यांच्या प्रकल्पात गावातल्या बायकांनी असेच दिवे जोडले. राजस्थानात डुंगरपूरच्या बायका तर पुढे सोलर पॅनेल बनवू लागल्या. आमचं पॅनेल अजून लांब आहे. सध्या बुधवारी दुपारी आम्ही जुन्या बोर्डांवर सराव करतो. यायचं असेल तर चष्मा आणि सुती साडी किंवा ड्रेस घालून या, सोल्डरिंगजवळ सिंथेटिक पदर नको.