बारवेंतील एकाक्ष

मृगाच्या पहिल्या दोन-चार जोरदार सरी पडून गेल्या, कीं छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील देवगांव रंगारीच्या शिवारांत एक जुना देखावा पुन्हां दिसूं लागतो. कन्नड तालुक्यांतलें हें गांव. खालीं काळा पाषाण, वर उन्हाळ्यांत भेगाळणारी काळी माती, आणि पाऊस बेताचा. चैत्र-वैशाखांत जेथें कांहींच जिवंत दिसत नव्हतें, त्या बांधाच्या कडेला बिळांच्या तोंडाशीं खेकडे येऊन बसतात. रस्त्याकडेच्या डबक्यांत थोड्याच दिवसांत बारीक जीव उसळ्या मारूं लागतात. विहिरीचें पाणी कांचेच्या पेल्यांत घेऊन उजेडासमोर धरलें, तर त्यांतहि तिळाहून लहान असे पांढरट कण आपल्याच मनानें इकडून तिकडे जातांना पुष्कळदां दिसतात. घरांतली वडील बाई पेल्याकडे एकवार पाहते, 'पाण्यांत किडे झाले' एवढेंच म्हणते, आणि हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकें बांधून पाणी गाळून घेते.

'किडे' हा एक शब्द रोजच्या व्यवहाराला पुरेसा वाटतो. परंतु त्या एका शब्दाच्या पोटांत जे निरनिराळे प्राणी दडलेले आहेत, ते एकमेकांपासून वेगळे ओळखले गेले, म्हणूनच भारतांतून एक अत्यंत क्लेशदायक रोग समूळ नाहींसा करतां आला. प्राण्यांचें वर्गीकरण म्हणजे रिकामपणचा उद्योग, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

ह्या मंडळींत सर्वांच्या परिचयाचा तो खेकडा. त्याला ज्या वर्गांत घालतात त्याला कवचधारी प्राण्यांचा वर्ग म्हणतात. अंगावर कठिण कवच, सांधे असलेले पाय, आणि डोक्यावर मिशांच्या म्हणजे स्पर्शेंद्रियांच्या दोन जोड्या, हीं ह्या वर्गाचीं ठळक लक्षणें. कीटकाला मिशांची एकच जोडी असते. कोळी आणि विंचू ह्यांना ती मुळींच नसते. कवच एकदां घट्ट झालें कीं तें वाढत नाहीं. म्हणून आंतला प्राणी वाढला कीं जुनें कवच टाकून त्याला नवें धारण करावें लागतें. समुद्रांतली कोळंबी, शेवंड, खेकडा हे सर्व ह्याच कुळांतले.

दख्खनच्या खेकड्याची शास्त्रांत नोंद झाली त्याला आतां जवळ जवळ दोनशें वर्षें होत आलीं. मुंबई सरकारनें दख्खनची पाहणी करून आंकडेवारी जमविण्याकरितां साइक्स नांवाचा एक लष्करी अधिकारी नेमला होता. त्याला प्राण्यांचे नमुने गोळा करण्याचा मोठा नाद. त्यानें विलायतेस नेलेल्या नमुन्यांवरून वेस्टवुड ह्या शास्त्रज्ञानें १८३६ सालीं येथील एका खेकड्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्याच्या नांवांत 'बीळ खणणारा' ह्या अर्थाचा लॅटिन शब्द घातला. नांव अगदीं यथार्थ आहे. पाणी आटूं लागलें कीं हा प्राणी ओलावा सांपडेपर्यंत खोल खणीत जातो आणि बिळांत निपचित पडून उन्हाळा काढतो. समुद्रांतल्या खेकड्यांचीं पिलें प्रथम आईबापांशीं मुळींच साम्य नसलेल्या रूपानें पाण्यांत तरंगत असतात. आटणाऱ्या ओढ्यांत तें कसें परवडावें? म्हणून गोड्या पाण्यांतली खेकडी अंडीं पोटाखालच्या रुंद पडद्यांत घेऊन हिंडते, आणि त्यांतून बाहेर पडतो तो लहानसा पण पुरता खेकडाच असतो.

पेल्यांतले ते पांढरट कणहि ह्याच खेकड्याचे दूरचे भाऊबंद आहेत, हें सांगितल्यावांचून कोणाच्या ध्यानांत यावयाचें नाहीं. साध्या भिंगाखालीं धरले तर त्यांत निदान तीन-चार तऱ्हा दिसतात. एक आहे डॅफ्निया, म्हणजे पाण्यांतली पिसू. हिचें शरीर इतकें पारदर्शक, कीं आंतलें हृदय धडधडतांना स्पष्ट दिसतें. दिवस बरे असले कीं माद्या नराच्या साह्यावांचून नुसत्या मुलींनाच जन्म देत राहतात. पाणी आटण्याचा किंवा उपासमारीचा काळ आला म्हणजे नर उत्पन्न होतात आणि मग कठिण आवरणाचीं, दीर्घकाळ टिकणारीं अंडीं घातलीं जातात. दुसरा आहे सायप्रिस. मुगाच्या दोन डाळींमध्यें एक जीव कोंडून ठेवावा तसा हा दोन शिंपल्यांच्या आंत राहतो. तिसऱ्याच्या मिशा अंगाइतक्या लांब असतात; त्याला डायप्टोमस म्हणतात. तो मुख्यतः पाण्यांतलें शेवाळाचे सूक्ष्म कण गाळून खातो. आणि चौथा तो सायक्लॉप्स. आकार पेरूच्या बीहून लहान, पुढें जाड व मागें निमुळता, शेपटी दुभंगलेली, मादीच्या दोन्हीं अंगांस अंड्यांच्या दोन पिशव्या, आणि कपाळाच्या मधोमध एकच तांबडा डोळा. ग्रीक पुराणांतील एकाक्ष राक्षसाचें नांव त्याला मिळालें तें ह्याच डोळ्यामुळें. हा शेवाळावर समाधान मानणारा नव्हे. पाण्यांत जें लहानसें हालतांना दिसेल त्यावर झडप घालून तें पकडण्याचा ह्याचा स्वभाव आहे. हा स्वभाव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

पावसाळी डबक्यांत राहणाऱ्यांची तर कथाच निराळी. तेथें स्ट्रेप्टोसेफॅलस नांवाचा एक नाजूक प्राणी होतो. तो नेहमीं उताणा पोहतो, आणि त्याचें सारें आयुष्य डबकें आटण्याच्या आंत उरकावें लागतें. त्याचीं अंडीं वाळलेल्या चिखलांत वर्षानुवर्षें राहूं शकतात. इतकेंच नव्हे, तर एकदां सुकल्यावांचून तीं बहुधा उबतच नाहींत. एका पावसांत सगळींच उबलीं आणि पाऊस मध्येंच दगा देऊन गेला, तर वंश बुडेल; म्हणून कांहीं अंडीं पुढच्या सालासाठीं मागें राहतात. अवर्षणाची संवय ज्या शेतकऱ्याला आहे, त्याला ही बियाण्याची शिल्लक नवी वाटणार नाहीं.

आतां हे सर्व प्राणी वेगळे कसे झाले तें पाहूं गेल्यास मोठी मौज आहे. अर्वाचीन वर्गीकरणाचा जनक लिनीयस ह्यानें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ति काढली, तेव्हां खेकडे-कोळंबींना त्यानें कीटकांतच बसविलें होतें. आणि पाण्यांतले हे बारीक जीव? त्यांना त्यानें 'मोनोक्युलस', म्हणजे एकाक्ष, ह्या एकाच नांवाखालीं गोळा केलें. डॅफ्निया त्यांतच, सायक्लॉप्स त्यांतच, आणि समुद्रावरचा घोड्याच्या नालेसारखा हातभर प्राणीहि त्यांतच! देवगांवच्या वडील बाईचा 'किडे' हा शब्द आणि लिनीयसचा हा शब्द, ह्यांत फारसें अंतर नव्हतें. पुढें डेन्मार्कमधील ऑटो फ्रेडरिक म्यूलर ह्यानें ओढ्याओहोळांतून पाणी आणून, भिंगाखालीं धरून, एकेक प्राणी निवडला, आणि १७८५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांचीं निरनिराळीं घराणीं लावून दिलीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लामार्कनें कवचधाऱ्यांचा वर्ग कीटकांपासून वेगळा केला. गंमत अशी, कीं आजच्या काळांत प्राण्यांच्या जनुकांची तुलना झाल्यावर असें ठरलें आहे, कीं कीटक हे कवचधाऱ्यांच्याच एका शाखेंतून निघालेले आहेत. म्हणजे लिनीयस अगदींच चुकला होता असें नाहीं. नातें होतें, पण तें त्यानें उलट्या बाजूनें मांडलें होतें.

ह्या निवडानिवडीचा उपयोग काय, असें म्यूलरला कोणी विचारलें असतें, तर त्याला तरी काय उत्तर देतां आलें असतें? उत्तर यावयास पाऊणशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला, आणि तें आलें मध्य आशियांतून.

महाराष्ट्रांतल्या जुन्या माणसांना नारू हा शब्द ऐकूनच अंगावर कांटा येतो. पायावर फोड येई, त्याची आग आग होई, आणि तो फुटला म्हणजे आंतून पांढऱ्या दोऱ्यासारख्या जंताचें टोंक बाहेर येई. हा जंत हातभराहूनहि लांब, कधीं तीन फुटांपर्यंत असे. तो ओढून काढतां येत नसे. मध्येंच तुटला तर पाय सुजे व पिके. एखाद्या काडीला तें टोंक गुंडाळून रोज थोडें थोडें वळवीत बसावयाचें. त्यांत दिवसच काय, आठवडेहि जात. पेरणी-कापणीच्या ऐन वेळीं घरांतला कर्ता माणूस असा खाटेवर पडे. त्यावर औषध नव्हतें; आजहि नाहीं, लसहि नाहीं.

हा जंत पायांत शिरतो कोठून? पुष्कळांची समजूत अशी, कीं चिखलांत उभें राहिल्यानें तो कातडीतून आंत जातो. रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको तुर्कस्तानांत फिरत असतां त्यानें १८७० सालीं नारूचीं सूक्ष्म पिलें पाण्यांत सोडून पाहिलीं, आणि तीं सायक्लॉप्सच्या पोटांत वाढतांना त्याला आढळलीं. हालणारें दिसेल तें पकडावयाचें हा सायक्लॉप्सचा स्वभाव. नारूचीं पिलें पाण्यांत वळवळतात, आणि तो तीं गिळतो. पुढें लायपर ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञानें उरलेला दुवा जुळविला. पोटांतल्या आम्लानें सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या आंतलीं पिलें मरत नाहींत, उलट चपळ होऊन बाहेर पडतात, असें त्यानें दाखविलें. आणि केळ्यांतून असे सायक्लॉप्स खाऊं घातलेल्या माकडाच्या शरीरांत कांहीं महिन्यांनीं त्याला नारू सांपडले. म्हणजे रोग चिखलांतून येत नव्हता, पेल्यांतून येत होता. प्यालेल्या पाण्यांतला जंत शरीरांत वर्षभर वाढून पायाशीं येई; आणि वर्षापूर्वींचा घोंट कोणाला आठवणार?

आतां बारवेचें गूढ उकललें. नारू वाहत्या नदीकांठीं फारसा नसे, आडाच्या पाण्यानेंहि क्वचितच होई. पायऱ्या असलेल्या विहिरींच्या आणि उघड्या तळ्यांच्या गांवीं तो घर करून राही. मराठवाड्यांत अशा बारवा पुष्कळ आहेत. पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या रेखीव दगडी पायऱ्या, ही त्यांची शोभा. परंतु त्याच पायरीवर नारूचा रोगी घोट्याइतक्या पाण्यांत उभा राही. पाण्याचा स्पर्श होतांच जंत लक्षावधि पिलें सोडी; पाणी संथ, सायक्लॉप्स मुबलक; दुसऱ्या पायरीवर शेजारीण आपला हंडा बुडवी. माणूस, पायरी आणि एकाक्ष, ह्या तिघांच्या संगतीनें ही रोगाची साखळी पुरी होई. तींतला कोणताहि एक दुवा तोडला, कीं साखळी तुटली.

भारतांत तेंच केलें गेलें. राष्ट्रीय मोहीम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाली, तेव्हां महाराष्ट्र धरून सात राज्यांतील बारा हजारांहून अधिक गांवांत मिळून सुमारें ४०,००० रोगी आढळले होते. रोग्यांनीं पाण्यांत उतरूं नये असें घरोघर समजावलें. बारवांऐवजीं हातपंप आणि बांधलेल्या विहिरी करून दिल्या. जेथें तें जमेना तेथें पाण्याच्या दहा लक्ष भागांस एक भाग ह्या बेतानें टेमेफॉस घालून सायक्लॉप्स मारले. आणि सर्वांत मुख्य म्हणजे पाणी गाळून पिण्याचा आग्रह धरला. नारूचें पिलूं एकटें असतां गाळण्यांतून सहज निसटेल. पण तें ज्याच्या पोटांत बसून येतें तो सायक्लॉप्स घट्ट विणीच्या कापडांत अडकतो. त्याची मोजणी ठाऊक होती म्हणून गाळणें कसें असावें तें ठरवितां आलें. शेवटचा रोगी राजस्थानांतील जोधपूर जिल्ह्यांत १९९६ सालच्या जुलईंत सांपडला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. जगांत १९८६ सालीं ह्या रोगाचे सुमारें ३५ लक्ष रोगी होते असा अंदाज होता; अलीकडे वर्षाकांठीं वीसाच्या आंतच नोंदले जातात, आणि तेहि आफ्रिकेंतल्या थोड्या देशांत.

एवढ्यावरून सायक्लॉप्सला राक्षस ठरवावयाचें काय? तसें केलें तर पुन्हां 'किडे' ह्या एका शब्दाकडे परत गेल्यासारखें होईल. त्याचीच एक मोठी जात डासांच्या अळ्या फस्त करते. व्हिएतनामांतील गांवांत ती मुद्दाम पाण्याच्या टांक्यांत सोडून डेंग्यूचा डास आटोक्यांत आणला गेला. डॅफ्निया शेवाळ खाऊन पाणी नितळ राखते, आणि ह्या सर्वांवर माशांचीं पोरें पोसतात. तेव्हां पाण्यांत जीव असणें हा पाण्याचा दोष नव्हे. पुष्कळदां ती त्याच्या आरोग्याची खूण असते. दोष आहे तो न गाळतां पिण्याचा.

आणि आज धोका आहे तो उलट दिशेनें. कीटक हे कवचधाऱ्यांचे इतके जवळचे आप्त असल्यामुळें कपाशीच्या बोंडअळीसाठीं फवारलेलें विष पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत गेलें, कीं तें ह्या निरुपद्रवी जीवांनाहि सोडीत नाहीं. म्हणूनच एखादें द्रव्य पाण्याला कितपत घातक आहे हें पाहावयाचें झाल्यास जगभरच्या प्रयोगशाळांत प्रथम तें डॅफ्नियाला देऊन पाहतात. पावसाळी डबकीं तर निरुपयोगी म्हणून सर्रास बुजविलीं जातात. त्यांच्या तळच्या चिखलांत किती वर्षांचीं अंडीं वाट पाहत पडलीं आहेत, ह्याचा विचार कोणी करीत नाहीं.

देवगांवांतल्या पेल्यांतला तो पांढरट कण आजहि तसाच उसळ्या मारतो. पण त्याच्या पोटांत आतां नारू नाहीं. घरांतली वडील बाई मात्र हंड्याच्या तोंडाला फडकें बांधणें सोडीत नाहीं. तिला सायक्लॉप्स हें नांव ठाऊक नाहीं, म्यूलरहि ठाऊक नाहीं. परंतु तिच्या हातचें फडकें आणि त्याच्या हातचें भिंग, हीं दोन्हीं एकत्र आलीं तेव्हांच नारू गेला. पाणी गाळण्याची रीत चांगली होती. ती कशासाठीं, कोणाला अडविण्यासाठीं, हें कळल्यावर ती उपाय झाली.