मत बदललं म्हणजे बाई फुटली असं नाही



आज बचतीवर किंवा कर्जफेडीवर बोलणार नाही. बैठकीत जो विषय निघाला की आपण घाईघाईनं चहा मांडतो, त्या राजकारणावर बोलते. कुणाला मत द्या हे मी सांगणार नाही, ते जिचं तिनं ठरवायचं. आपलं मत बदललं तर ते उघड बोलता यावं का, एवढंच आज बघू.

गटात आपण व्याज दोन रुपये शेकडा ठेवतो. चार महिन्यांनी दिसतं की बायांना जड जातंय. मग बैठकीत बोलणं होतं, एक रुपया करतो, रजिस्टरला ठराव लिहितो. तेव्हा कुणी म्हणतं का, की गट फिरला म्हणून? उलट शहाणपणा केला म्हणतात. मग तीच बाई आरक्षणावर किंवा निवडणुकीवर वेगळं बोलली, तर लगेच ‘फुटली’, ‘विकली गेली’ कसं काय होतं?

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकातला नाही. शेजारच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीला २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाची मागणी राज्यभर पोचली. त्याच तालुक्यात वडीगोद्रीला जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे, ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून उपोषणाला बसले. दोन्हीकडच्या मंडपांत आपल्याच ओळखीच्या बाया होत्या. त्यानंतर काही गावांत बोलणं तुटलं. एकमेकींच्या भरवशावर बँकेचं कर्ज उचललेल्या बाया एकमेकींच्या हळदी-कुंकवाला जायच्या थांबल्या.

एका गटात दोघीजणी बैठकीला येईनात. हप्ता अडायला लागला तेव्हा बाकीच्यांनी ठरवलं, की एकदा बोलूनच घेऊ. अट एकच ठेवली. आधी समोरचीचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, तिनं ‘हो, मला हेच म्हणायचंय’ म्हटल्यावर मग आपलं मांडायचं. मराठा घरातली म्हणाली, ‘तुझं म्हणणं असं, की आत्ता कुठं तुमच्या पोरांना पाय ठेवायला जागा मिळाली, त्यात वाटेकरी वाढले तर पुन्हा मागं पडाल.’ माळ्याच्या घरातली म्हणाली, ‘तुझं असं, की वाटण्या होत होत जमीन दोन एकरावर आली, पोराच्या फीला कर्ज काढलं, आणि लोक अजून तुम्हाला पाटीलच समजतात.’ दोघी गप्प झाल्या. आरक्षणावर त्या दिवशी कुणी बाजू सोडली नाही. पण एक म्हणाली, ‘आम्हाला मिळावं असं अजूनही वाटतं, पण तुमच्या ताटातलं काढून नको.’ मत बदललं ते एवढंच, पण ते लहान नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत तिला ऐकावं लागलं, ‘तू तर तिकडची झालीस.’ त्यानंतर ती बैठकीत तोंड उघडेना. गटाचा हप्ता सुटला, पण एक बाई बोलायची थांबली.

मोठ्या माणसांनी हे कसं केलं बघा. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं भाषणाला बोलावलं होतं. भाषणातला मजकूर मंडळाला झेपला नाही. बाबासाहेबांनी शब्द बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रात त्यावर टीका केली. मग १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि खाली आपलं उत्तर दिलं. वाचणाऱ्यानं दोन्ही वाचावं आणि ठरवावं. भांडण कडक होतं, पण विरोधकाचं म्हणणं लपवलं नाही.

आणि गांधीजी? आधी ते जातीबाहेरच्या लग्नांचा आग्रह धरत नव्हते. शेवटच्या वर्षांत त्यांनी ठरवलं, की ज्या लग्नात एक बाजू दलित आहे त्याच लग्नाला जायचं. माझ्या दोन लिखाणांत मेळ बसत नसेल तर नंतरचं धरा, असं त्यांनी १९३३ मध्येच लिहून ठेवलं होतं. मत बदललं तर ते झाकायचं नसतं, हे त्यातून शिकावं.

बोलण्याऐवजी हात उचलला की काय होतं, हेही मराठवाड्यानं पाहिलंय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि आपल्याकडं दलित वस्त्या जळाल्या, माणसं मेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षं गेली. माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्रावर तेच नाव आहे, आणि आज सगळ्या जातींच्या पोरी ते कागद जपून ठेवतात. मतं बदललीच, पण ज्यांची घरं जळाली त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

म्हणून गटासाठी चार गोष्टी सांगते.

पहिली, समोरचीचं म्हणणं आधी तिला पटेल असं सांगा.

दुसरी, कागद वाचा. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरबद्दल जीआर निघाला. त्यावर बाजाराच्या दिवशी पिंपळगावात जो तो बोलत होता, पण वाचला किती जणांनी? लिहिता-वाचता येणारीनं बैठकीत तो मोठ्यानं वाचावा, मग वाद घालावा. मोबाइलवर आलेला मेसेज म्हणजे जीआर नाही.

तिसरी, मुद्द्यावर बोला. जात, माहेर, नवरा, जुनी उधारी मधे आणू नका.

चौथी, मत बदललं तर कारण सांगा. स्वतःला विचारा, मला नवीन काय कळलं? उत्तर असेल तर मान ताठ ठेवून बोला. आदल्या रात्री पाकीट आलं किंवा कुणी दम दिला म्हणून मत बदललं असेल, तर ते मत बदलणं नाही, ते मत गमावणं आहे. या दोन्हींत फरक करायला शिका, म्हणजे प्रामाणिक बाईला कुणी फुटली म्हणणार नाही.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, असा कायदाच आहे. पुढच्या महिला सभेला या चार गोष्टी करून बघा. आणि गटात कुणी बोलायची थांबली असेल, तर आज संध्याकाळी तिच्या घरी जा आणि म्हणा, ‘बाई, तुझं पटलं नाही तरी चालेल, पण तू बोल.’