बातमी, आपले मत आणि शिक्षेचे माप

(मंडळाच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला "मोबाइल, संगणक आणि नागरिकांचे हक्क" असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे. मी संगणकातला जाणकार नव्हे आणि वकीलही नव्हे. आयुष्यभर न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून नोकरी केली, रोजनामे लिहिले, तारखा पुकारल्या. तेव्हा या विषयाचा जो भाग मला थोडाफार कळतो तेवढाच घेतो. तो भाग म्हणजे शिक्षा. कोणत्या कृत्याला किती शिक्षा असावी, आणि ते कृत्य कागदावर न होता मोबाइलवर झाले म्हणजे शिक्षेचे माप बदलावे काय, एवढाच आजचा प्रश्न.

आपण सगळे रोज न्यायनिवाडा करीत असतो. कोणा मुलाने काही लिहिले, कोणी दुसऱ्याच्या खात्यात शिरला, अशी बातमी आली की चहाच्या टपरीवर, एस. टी. च्या रांगेत, घरी जेवताना निकाल लागतो. "आत टाका याला", "दहा वर्षे सडवा", "मोबाइलच बंद करा यांचे". बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण मित्रहो, अशा मतांना किंमत नसते असे समजू नका. कायदे संसदेत होतात हे खरे, परंतु ते किती कडक करावयाचे याचे धाडस राज्यकर्त्यांना या टपरीवरच्या मतांतूनच येते.

माहिती तंत्रज्ञान कायदा सन २००० चा. त्यात २००८ साली दुरुस्ती झाली. २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. लोक संतापलेले होते, भ्यालेले होते. २२ डिसेंबरला लोकसभेने आणि २३ डिसेंबरला राज्यसभेने, फारशी चर्चा न करता, ही दुरुस्ती मंजूर केली. तीत कलम ६६-अ होते. २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अंमलात आले. संगणकावरून किंवा मोबाइलवरून अत्यंत आक्षेपार्ह मजकूर पाठविला, किंवा कोणाला त्रास अथवा गैरसोय व्हावी म्हणून खोटा मजकूर पाठविला, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असा त्याचा थोडक्यात अर्थ. "आक्षेपार्ह" म्हणजे काय, "त्रास" म्हणजे किती, हे कायद्यात कोठेही सांगितलेले नव्हते.

आता येथे थोडे थांबून माप लावून पाहू. तेच शब्द एखाद्याने पत्रकावर छापून वाटले असते तर काय झाले असते? फार तर अब्रुनुकसानी. भारतीय दंड संहितेच्या कलम ५०० प्रमाणे तिला जास्तीत जास्त दोन वर्षे साधी कैद होती. पोलीस परस्पर पकडू शकत नसत. फिर्यादीने स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे जावयाचे. शिवाय आरोपीला बचावासाठी दहा अपवाद दिलेले होते. लोकहिताचे खरे बोलणे हा त्यांतला पहिला. मोबाइलवर मात्र तीन वर्षे, पोलिसांना विनावॉरंट अटकेचा अधिकार आणि बचावाचा अपवाद एकही नाही. शब्द तेच, लिहिणारा तोच, दुखावणाराही तोच. फक्त साधन बदलले आणि शिक्षा दीडपट झाली. याला न्याय म्हणावयाचे की यंत्राची भीती?

या कलमाचा खरा अर्थ महाराष्ट्राला पालघरने शिकविला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबई व आसपासचा भाग बंद राहिला. एकवीस वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिले की असा बंद कशासाठी. शिवी नव्हती, धमकी नव्हती. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला "लाइक" दिले, म्हणजे एका खुणेवर बोट ठेवले. दोघींनाही अटक झाली. जमावाने तिच्या नातेवाइकाचा दवाखाना फोडला. पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर मुली सुटल्या. देशभर ओरड झाली तेव्हा चौकशी होऊन दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे गुन्हाही बंद करण्यात आला. बोट ठेवणे हा गुन्हा, हे ऐकून आमच्या न्यायालयातले जुने शिपाईही हसले असते. पण त्या मुलींना ते हसण्यासारखे खचितच नव्हते.

ही बातमी वाचून दिल्लीत श्रेया सिंघल नावाच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. वय तिचेही एकविशीचेच. येथे बसलेल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे. तिने अनुच्छेद ३२ खाली दाद मागितली. हा तोच अनुच्छेद, ज्याला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत संविधानाचा आत्मा व हृदय मानले होते. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या पीठाने ६६-अ संपूर्णपणे रद्द केले. निकालाचा गाभा साधा आहे. एखाद्या विषयाची चर्चा करणे वेगळे, त्याची बाजू हिरिरीने मांडणे वेगळे आणि लोकांना गुन्ह्यासाठी चिथावणे वेगळे. पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी नागरिकाचा हक्क आहेत. चिथावणी असेल तेथेच शासनाने हात घालावा. अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालण्याची कारणे मोजून दिलेली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था आहे, सभ्यता आहे, बदनामी आहे. "गैरसोय" हा शब्द त्यांत नाही.

निकाल झाला म्हणजे काम झाले, असे न्यायालयाबाहेरच्या माणसाला वाटते. मला नोकरीचा अनुभव असल्यामुळे तसे कधी वाटले नाही. रद्द झालेले कलम पोलीस ठाण्यातल्या छापील पुस्तकात तसेच राहिले आणि त्याखाली गुन्हे नोंदले जाऊ लागले. २०१९ मध्ये निकालाच्या प्रती सर्व राज्यांना पाठविण्याचा आदेश झाला. तरीही मार्च २०२१ मध्ये अकरा राज्यांतील जिल्हा न्यायालयांत ७४५ प्रकरणे चालू असल्याची आकडेवारी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने न्यायालयापुढे ठेवली. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. साडेसात वर्षे! कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना मुख्यमंत्र्यांवरचे एक व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठविल्याबद्दल एप्रिल २०१२ मध्ये अटक झाली होती. ते आरोपमुक्त झाले जानेवारी २०२३ मध्ये. शिक्षा एक दिवसाचीही झाली नाही, आणि तारखा मात्र जवळजवळ अकरा वर्षे. मी शेकडो माणसे बाकावर बसून म्हातारी होताना पाहिली आहेत. कायदा लिहिणारा कैदेची वर्षे लिहितो. खेपा, वकिलाची फी, बुडालेली मजुरी, अडलेला पासपोर्ट, मोडलेले लग्न हे तो लिहीत नाही. भोगावे मात्र तेच लागते.

हा रोग आपल्याच देशाला आहे असे मात्र नव्हे. अमेरिकेतील एक उदाहरण विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल. ॲरन स्वार्ट्झ हा तरुण संगणकात अत्यंत हुशार. मॅसॅच्युसेट्समधील एम. आय. टी. या संस्थेच्या जाळ्यातून त्याने जेस्टोर या संग्रहातील सुमारे अठ्ठेचाळीस लाख शोधनिबंध व लेख आपल्या संगणकात उतरवून घेतले. जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली. मजकूर परत मिळाल्यावर जेस्टोरने आपल्यापुरता वाद मिटविला. सरकारी वकील मात्र थांबले नाहीत. मुख्यतः १९८६ च्या संगणक-फसवणूकविषयक कायद्याखालील आरोप वाढत तेरावर गेले. पस्तीस वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलर दंड होऊ शकतो, असे सरकारनेच जाहीर केले होते. आणि त्याच वेळी, गुन्हा कबूल केलास तर सुमारे सहा महिन्यांची शिफारस करू, असेही सांगितले जात होते. ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने आपले जीवन संपविले. माणसाच्या मनातली कारणे बाहेरच्याने सांगू नयेत. पण एकाच कृत्याला सहा महिने हेही माप आणि पस्तीस वर्षे हेही माप, हे कसे? मोठा आकडा न्यायासाठी नव्हे तर कबुली काढण्यासाठी लिहिला होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या शेजारी आपल्याकडचे एक प्रकरण ठेवावेसे वाटते. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर ॲण्ड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ आणि तेथील एका झेरॉक्स दुकानावर दावा केला. पुस्तकांतली अभ्यासाला लागणारी पाने एकत्र करून ते दुकान विद्यार्थ्यांना स्वस्तात देत असे. दावा दिवाणी होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी अशा प्रती काढणे कायद्याला धरून आहे असे ठरविले, आणि अपिलानंतर मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. कोणी तुरुंगात गेले नाही. ज्यांनी सेकंडहँड पुस्तकांवर आणि झेरॉक्सवर पदव्या मिळविल्या, त्या आपल्या घरांतल्या मुलांना या निकालाचे मोल मी सांगावयास नको.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्या वस्तीत मोबाइलवर महापुरुषांची विटंबना करणारा मजकूर येतो. रक्त तापते, तरुण रस्त्यावर येतात आणि आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "६६-अ सारखा कायदा पाहिजेच होता." मला हे पटत नाही. धूसर कायदा दोन्ही बाजूंना चालतो, आणि दुबळ्याकडे तो लवकर वळतो. आपल्या मुलांनीही पोस्ट टाकलेल्या असतात, गाणी वाजविलेली असतात, प्रश्न विचारलेले असतात. "त्रास झाला" एवढे म्हणण्याची सोय गावातल्या बलिष्ठांना मिळाली तर पहिला नंबर कोणाचा लागेल?

याउलट ॲट्रॉसिटी कायदा पाहा. २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परमपूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने, लेखाने वा अन्य मार्गाने अनादर करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. गुन्हा कोणाविरुद्ध, कोणत्या कृतीने, हे त्यात लिहिलेले आहे. इंटरनेटवर केलेला जातीय अपमानही लोकांच्या नजरेसमोरचाच अपमान होय, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. बाईचे खाजगी छायाचित्र तिच्या संमतीविना पसरविणाऱ्याला, दुसऱ्याचे सोंग घेऊन पैसे लुबाडणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्यातच शिक्षा आहे आणि ती कलमे शाबूत आहेत. ६६-अ गेल्याने पीडिताचे काही गेले नाही. म्हणून माझे म्हणणे असे की विटंबना करणाऱ्यावर फिर्याद जरूर द्या, नेमके कलम लावा, पुरावा म्हणून मजकुराची छापील प्रत आणि तारीख-वेळ जपून ठेवा. पण त्याच्या बहिणीने ती पोस्ट "लाइक" केली म्हणून तिलाही आत टाका, असे म्हणू नका. पालघरला जे चूक होते ते आपल्या वस्तीतही चूकच.

शेवटी थोडी व्यवहाराची माहिती देतो, कारण गेल्या काही महिन्यांत मुलांकडून याबद्दल विचारणा होते आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच अर्नेश कुमार प्रकरणात सांगितले. अटकेची गरज नसेल तर नव्या संहितेच्या कलम ३५ प्रमाणे हजर राहण्याची नोटीस द्यावयाची असते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर देता येत नाही, असे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. नोटीस हाती आली तर त्यावर कलम कोणते लिहिले आहे ते प्रथम वाचा, आणि दिलेल्या तारखेला वकिलासह हजर राहा, टाळू नका. आणि कोणी व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशात दिसून "तुम्ही डिजिटल अटकेत आहात" असे म्हणाला तर फोन ठेवून द्या. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. ती लूट आहे. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

माझे बोलणे येथे थांबवितो. प्रश्न असतील ते विचारावेत. ज्यांच्याकडे नोटिशीचे कागद आले आहेत त्यांनी चहानंतर वाचनालयाच्या खोलीत यावे, आपण ते एकत्र बसून वाचू.